लॅव्हेंडर, डास आणि कुंडीखालची बशी



जून उजाडला की आमच्या न्यू जर्सीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या डेकवर ग्रिलवरची कणसं, आणि दुसरी म्हणजे ती कणसं खाताना स्वतःच्याच पोटऱ्यांवर फटाफट चापट्या मारणं. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, लॅव्हेंडर लावा की चार कुंड्या! डास फिरकत नाहीत. एकदम नॅचरल!" पुढच्या आठवड्यात त्या डेकवर जांभळ्या तुऱ्यांच्या चार कुंड्या येतात. डास असतातच. फक्त आता चापट्या सुवासिक वातावरणात मारल्या जातात, एवढाच काय तो फरक.

हा सल्ला मी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकलाय, की शेवटी इंजिनिअरची खोड गप्प बसू देईना. म्हटलं, या प्रॉडक्टचं स्पेसिफिकेशन तरी एकदा नीट बघू. बघितलं, आणि वाटलं की हा नुसता डेकवरच्या गप्पांचा विषय नाही. कारण हाच सल्ला आपल्याबरोबर विमानात बसून पुण्या-मुंबईपर्यंत जातो. इकडे डास चावला तर बहुतेक वेळा खाज सुटते आणि विषय संपतो. तिकडे डेंग्यू आहे, चिकनगुनिया आहे, मलेरिया आहे. तेव्हा मुलांच्या बॅगेत काय टाकायचं, हा प्रश्न गमतीचा राहत नाही.

ज्यांना ऑफिसात चोरून वाचायचंय त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो: लॅव्हेंडरचं झाड डास पळवत नाही. तेल पळवतं, पण थोडं आणि थोडाच वेळ. देशात जाताना त्याच्यावर भरवसा ठेवू नये. आणि कुंडीचा डासांशी खरा संबंध आहे तो वरच्या फुलांचा नसून खालच्या बशीचा आहे. आता सविस्तर.

डासाला आपला पत्ता कसा लागतो?

चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलातल्या रसावर गुजराण करतो (यावर घरोघरी काय विनोद होतात ते इथे लिहीत नाही).

मादीचं शोधकार्य टप्प्याटप्प्याने चालतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2015 साली हे टप्पे छान मांडले. साधारण 10 ते 50 मीटरवरून तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो. तो कळला की ती डोळे वापरायला लागते आणि 5 ते 15 मीटरवरून गडद आकार हेरते. अगदी जवळ, मीटरभराच्या आत आली की शरीराची उष्णता जाणवते. शिवाय घामातलं लॅक्टिक ॲसिड, त्वचेचा वास आणि ओलावा हेही असतंच. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एक सेन्सर बंद पडला तरी दुसरा चालू, अशी पक्की रिडंडंट सिस्टीम आहे.

आता या सिस्टीमसमोर पाच फुटांवर ठेवलेली लॅव्हेंडरची कुंडी काय करणार? आपण श्वास घेतोय, घाम येतोय, अंग गरम आहे. यातला एकही सिग्नल कुंडीमुळे थांबत नाही.

झाड वेगळं, तेल वेगळं

लॅव्हेंडरच्या वासात मुख्य घटक दोन, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. यातल्या लिनालूलचा डासांना खरोखर त्रास होतो, त्यामुळे ही सगळी गोष्ट निव्वळ अफवा नाही. पण हे तेल झाडावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठवलेलं असतं. झाड ते हवेत फवारत बसत नाही. तुळशीचं पान चुरडल्याशिवाय त्याचा खरा वास येत नाही, तसंच हे. तुरा बोटांत चोळा, मस्त वास येईल. पण रात्रभर कोण चोळत बसणार?

झाडांबाबत एक जुनी चाचणी सांगण्यासारखी आहे. नर्सरीत "मस्किटो प्लँट" नावाचं एक रोप मिळतं. ते म्हणजे सिट्रोनेलासारखा वास येणारं जिरेनियम. फ्लोरिडात 1994 साली दोन जातींच्या डासांवर त्याची रीतसर चाचणी झाली. एक आपला घरगुती क्युलेक्स आणि दुसरा एशियन टायगर, म्हणजे आज आमच्या बॅकयार्डात पट्टेरी पाय मिरवत फिरतो तोच. झाड शेजारी ठेवल्याने दोघांनाही काही फरक पडला नाही. वास येणं आणि डास जाणं यात बरंच अंतर आहे.

तेलाची गोष्ट थोडी निराळी. बाटलीतलं तेल म्हणजे ढीगभर फुलांचा अर्क, त्यामुळे त्यात लिनालूल भरपूर. प्रयोगशाळेत लॅव्हेंडर तेलाने डास काही काळ दूर राहतात असं दिसतं. इस्राएलमधल्या संशोधकांनी 2008 साली मेणबत्त्यांची तुलना केली तेव्हा बंद जागेत लिनालूलची मेणबत्ती सिट्रोनेलाच्या मेणबत्तीपेक्षा बरीच सरस ठरली. तेव्हा लॅव्हेंडरवाल्यांना अगदीच शून्य मार्क नकोत.

पण गोम पुढेच आहे. आपल्याला तेलाचा वास येतो, कारण ते भराभर उडून जातं. जे उडून जातं ते अंगावर टिकत नाही. उघड्या डेकवर, वाऱ्यात, घामात तर विचारूच नका. चांगलं रिपेलंट म्हणजे जे त्वचेवर बराच वेळ राहतं आणि हळूहळू, बेताबेताने उडतं. सुगंधी तेलांचा धर्मच याच्या उलटा. नाकाला जे सुख देतं तेच तासाभरात संपतं.

गवती चहा आणि निलगिरीचा घोळ

"केमिकल नको, नैसर्गिक हवं" म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि भावना मला समजते. लहानपणी तिन्हीसांजेला कडुनिंबाचा पाला आणि धूप घालून केलेला धूर ज्यांनी खाल्लाय, त्यांना फवाऱ्याचा डबा परकाच वाटणार. पण दुकानात जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, सिट्रोनेला. हे आपल्या गवती चहाचंच भावंड, एकाच कुळातलं गवत. डोंबिवलीहून आणलेला गड्डा इथल्या कुंडीत जगवून ज्यांनी चहाची सोय केली आहे, त्यांनी तो चहासाठीच ठेवावा. सिट्रोनेलाचं तेल अंगावर फार टिकत नाही, आकडे पुढे देतो.

दुसरी गोष्ट, "ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस". वनस्पतींच्या यादीतलं हे एक नाव खरंच दमदार आहे. पण युकॅलिप्टस म्हटलं की आपल्या डोक्यात येते सर्दीवरची निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली. ते हे नव्हे! सर्दीवाल्या निलगिरीत सिनिओल असतं. डासांवर चालतं ते वेगळ्या, लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून प्रक्रिया करून मिळवलेलं पीएमडी नावाचं द्रव्य. इतकंच काय, त्याच लिंबू-निलगिरीचं साधं सुगंधी तेलही त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात पीएमडी फारच कमी असतं. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना हे लावायचं नाही, असं लेबलवरच लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट, अमेरिकन लेबलची. इथे ईपीए ही सरकारी संस्था अंगाला लावायच्या रिपेलंटची नोंदणी करते. कंपनीला ते सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची माहिती द्यावी लागते, मग बाटलीवर ईपीएचा नोंदणी क्रमांक येतो. पण सिट्रोनेला, सिडार, पेपरमिंट, रोझमेरी, लेमनग्रास अशा काही तेलांना "कमीत कमी धोक्याची" म्हणून या नोंदणीतून सूट आहे. म्हणजे ती फारशी अपायकारक नाहीत एवढंच सरकारने मानलंय. ती काम करतात की नाही हे ईपीएने तपासलेलं नसतं. आपल्याकडच्या भाषेत, क्यूए न होता प्रॉडक्शनला गेलेला कोड.

आणि नैसर्गिक म्हणजे आपोआप निर्धोक असंही नाही. लॅव्हेंडरचं तेल हवेशी संपर्कात राहून जुनं झालं की त्यातल्या लिनालूलपासून त्वचेला ॲलर्जी देणारी द्रव्यं तयार होतात. 2007 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन लहान मुलग्यांची हकीकत आली होती. लॅव्हेंडर किंवा टी-ट्री तेल असलेली उत्पादनं वापरताना त्यांच्या छातीला सूज आली आणि वापर थांबवल्यावर ती ओसरली. या निष्कर्षावर नंतर बरेच वाद झाले, त्यामुळे घाबरून घरातला साबण फेकायची गरज नाही. पण तान्ह्या बाळाला डासांसाठी रोज निर्धास्तपणे तेल चोपडावं, असंही नाही.

आकडे काय म्हणतात

याच मासिकात 2002 साली एक नावाजलेली तुलना छापून आली. 15 स्वयंसेवकांनी वेगवेगळी रिपेलंट लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला चावा किती मिनिटांनी बसतो ते मोजलं (असल्या नोकरीपुढे आपला ऑन-कॉल सपोर्ट बरा). निकाल असे:

- सुमारे 24 टक्के डीट असलेलं रिपेलंट: सरासरी 301 मिनिटं, म्हणजे पाच तास.
- सोयाबीन तेलाचं एक उत्पादन: सुमारे 95 मिनिटं.
- सिट्रोनेलाची उत्पादनं: 20 मिनिटांहून कमी.
- मनगटावर बांधायचे पट्टे: अर्धं मिनिटसुद्धा नाही.

त्या शेवटच्या ओळीकडे जरा बघा. मुलांच्या हातात आपण हौसेने अडकवतो ते रंगीबेरंगी पट्टे!

डीट हे 1946 साली अमेरिकन सैन्यासाठी शोधलं गेलं आणि 1957 पासून सर्वांसाठी खुलं झालं. म्हणजे इतकी वर्षं कोट्यवधी लोकांच्या अंगावर त्याची चाचणी होते आहे. वास कोणाला आवडत नाही, आणि ते प्लॅस्टिक विरघळवतं हेही खरं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाची काच, लॅपटॉपचा कीबोर्ड जपा. टक्केवारीबद्दल एक गैरसमज आहे. जास्त टक्के म्हणजे जास्त जहाल नव्हे, जास्त वेळ. आणि 50 टक्क्यांच्या पुढे वेळही फारसा वाढत नाही. मुलांसाठी 30 टक्क्यांपर्यंत चालतं, दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र अजिबात नाही, त्याच्यासाठी स्ट्रोलरवर जाळी.

ज्यांना डीट नकोच असेल त्यांच्यासाठी पिकारिडिन आहे. अमेरिकेत ते 2005 साली आलं. 20 टक्क्यांचं घेतलं तर टिकाऊपणात डीटच्या तोडीस तोड, वास जवळजवळ नाही आणि प्लॅस्टिकला धक्का नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लॅव्हेंडरचे चाहते ज्या कारणांसाठी लॅव्हेंडरकडे वळतात, ती बहुतेक कारणं पिकारिडिन पुरी करतं.

देशात जाताना

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: "आम्ही काय, तिथेच वाढलो. आम्हाला काय होतंय?" डॉक्टर मंडळींना या वाक्याची फार धास्ती. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या मलेरियाच्या रुग्णांमध्ये सर्वांत मोठा गट पर्यटकांचा नसतो, तर मायदेशी नातेवाइकांना भेटून आलेल्यांचा असतो. त्यात आफ्रिकेतून आलेले जास्त, पण मनोवृत्ती हीच. मलेरियाविरुद्ध जी काही अर्धवट प्रतिकारशक्ती असते ती परदेशात राहून ओसरते. आणि इथे जन्मलेल्या मुलांकडे ती मुळात नसतेच.

डेंग्यूचं गणित तर उलटंच आहे. त्याचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण नंतर दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता वाढते. पहिल्यांदा झालेला डेंग्यू पुष्कळदा साधा ताप म्हणून निघून जातो. म्हणजे लहानपणी दादर-ठाण्यात किंवा सदाशिव पेठेत आपल्याला तो होऊन गेला असेल आणि पत्ताही नसेल. "तिथेच वाढलो" हे इथे कवच नाही, उलट जास्त जपायचं कारण आहे.

चिकनगुनियाची 2005-06 ची मोठी साथ ज्यांच्या घरी आली होती, त्यांना सांधेदुखीचे ते महिने आठवत असतील. झिका महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला 2021 साली, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. 2024 मध्ये खुद्द पुणे शहरात त्याचे रुग्ण निघाले. गरोदरपणात झिका बाळाला घातक ठरू शकतो, त्यामुळे दिवस गेलेले असताना "माहेरी जाऊन येते" असा बेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं आलंच. सांगितल्याप्रमाणे वापरलं तर डीट गरोदरपणातही चालतं.

तर बॅग भरताना:

1. ईपीए क्रमांक असलेलं डीट किंवा पिकारिडिन, माणशी एक बाटली, चेक-इन बॅगेत.
2. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. त्यामुळे फक्त झोपताना लावून भागत नाही. मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला उतरण्यापूर्वी लावा.
3. सनस्क्रीन आधी, रिपेलंट नंतर. मुलांना स्वतः लावू देऊ नका, आपल्या हातावर घेऊन लावा, आणि त्यांच्या तळहातांना लावू नका, कारण ते तोंडात जातात.
4. मलेरियाचा डास रात्रीचा. गावी मुक्काम असेल तर मच्छरदाणी. आजीची मच्छरदाणी काढायला लावताना मुलांसमोर नाक मुरडू नये, ती आजही उत्तम उपाय आहे.
5. मलेरियाच्या गोळ्या लागतील का, हे ट्रॅव्हल क्लिनिकला निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी विचारा. कोणत्या भागात जाणार त्यावर उत्तर बदलतं.
6. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही भारतात जाऊन आलो" हे पहिल्या वाक्यात सांगा. इथल्या डॉक्टरच्या डोक्यात आधी फ्लू येतो.

तिकडे सासूबाई किंवा मावशी म्हणतील, "अगं, ओडोमॉस आहे की घरात!" तर ते जरूर वापरा. अंगाला लावायची, खास त्यासाठीच बनवलेली वस्तू आहे ती. मुद्दा एवढाच, की तिच्याऐवजी लॅव्हेंडरची बाटली काढू नका.

आता ती बशी

एशियन टायगर डास अमेरिकेत 1985 साली ह्यूस्टनला जुन्या टायरांमध्ये सापडला आणि 1995 साली न्यू जर्सीत पोचला. (व्हिसाच्या रांगेत उभं न राहता.) हा डास फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणजे तो आपल्याला चावतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्याच अंगणात नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात जन्मलेला असतो. त्याला तळं लागत नाही, डबकं लागत नाही. बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पुरतं. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात.

आता डोळ्यांसमोर आणा ती लॅव्हेंडरची कुंडी आणि तिच्याखालची बशी. रोज पाणी घालतोय, बशी भरलेली. वर डास पळवण्याचा संकल्प आणि खाली डासांचं बाळंतगृह! गंमत म्हणजे लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठचं, कोरड्या खडकाळ उतारावरचं झाड आहे. मुळं पाण्यात राहिली की ते कुजतं. म्हणजे बशीतल्या पाण्यावर खूश फक्त डास.

तेव्हा महाराष्ट्रात नगरपालिका वर्षानुवर्षं सांगत आलीय तेच इथे करायचं: आठवड्यातून एक कोरडा दिवस. दर रविवारी सकाळी चहा झाला की अंगणात एक चक्कर. बशा, बादल्या, मुलांचे खेळ, ग्रिलवरच्या कव्हरची वळी, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, सगळं ओतून घासून टाका, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. छपराच्या पन्हाळीला खाली जोडलेला तो काळा, वळ्यावळ्यांचा प्लॅस्टिकचा पाइप तर अवश्य बघा. त्याच्या प्रत्येक वळीत पाणी साठतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जिथलं पाणी काढताच येत नाही तिथे "बीटीआय"ची बिस्किटासारखी वडी टाकायची. हा एक जिवाणू आहे, 1976 साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. तो डासांच्या अळ्या मारतो, माणसांना, पाळीव प्राण्यांना किंवा मधमाश्यांना काही करत नाही. एक वडी महिनाभर चालते. आपल्याकडे विहिरीत गप्पी मासे सोडायचे, त्याचाच हा भाऊ. "नैसर्गिक" हवं असेल तर याहून नैसर्गिक काय पाहिजे?

आणि डेकवर एक साधा टेबल फॅन लावा. डास अगदी दुबळा उडतो, वाऱ्यात टिकत नाही, शिवाय आपला श्वासही विखरून जातो. तरी आवरलं नाही तर फोन उचला. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीचं डास नियंत्रण खातं आहे, त्याचा कायदा पार 1912 सालचा. तक्रार केली की बहुतेक काउंटींमध्ये माणूस येऊन पाहणी करून जातो. आपण एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तो कुठेतरी वसूल व्हायला हवाच.

लॅव्हेंडर लावू नका असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर लावा, उन्हात लावा, पाणी बेताने घाला. मधमाश्या येतील, फुलपाखरं येतील, चार तुरे वाळवून साड्यांच्या घडीत ठेवता येतील. फक्त डासांची जबाबदारी त्या बिचाऱ्या झाडावर टाकू नका. ती बाटलीवरच्या नोंदणी क्रमांकाकडे आणि रविवारच्या चकरेकडे सोपवा. आणि या सुट्टीत देशात जाणार असाल, तर आजच बॅगेच्या यादीत एक ओळ वाढवा.

कळावे, लोभ असावा.